तीन पाव पाऊण : एका मुलीच्या अपूर्णांकांचं प्रकरण

छोटी पहिल्यांदा आली तेव्हा तिनं कंपासपेटी मांडीवरून खाली ठेवलीच नाही. जुलै २०२४, मंगळवारची संध्याकाळ, बाहेर झड लागलेली. इंदूरला लोकमान्य नगरात मी राहते, आणि मागच्या गल्लीतून तिची आई तिला घेऊन आली होती. आईचे जेवणाचे डबे चालतात, बाबा एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत हिशेबाला, घरात आजी. सगळे तिला छोटीच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवते. सातवी, इंग्रजी माध्यम, सीबीएसई. पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ४.

"काकू, हिला गणिताचं डोकंच नाही हो. पास होण्यापुरतं करून द्या," आई म्हणाली. मुलीच्या समोरच म्हणाली. मुलगी पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची रेघ गिरवत होती.

आईची धास्ती खोटी नव्हती. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. आधी दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही जमली नाही तर तोच वर्ग पुन्हा. आईच्या कानावर यातलं 'आठवीत नापास करतात' एवढंच आलं होतं.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. या शहरात गणित शिकवणाऱ्यांची वाण नाही. भंवरकुआंला क्लासेसच्या नुसत्या पाट्या वाचत गेलात तरी चौक संपेपर्यंत वेळ लागतो. पण त्या पाट्या पुढे असलेल्या मुलांना आणखी पुढे नेणाऱ्या. सातवीत ४ गुण मिळवणाऱ्या मुलीला घ्यायला कोणी फारसं राजी नसतं. मला मात्र निवृत्तीनंतर हीच मुलं हवी होती. का, ते ओघात येईलच.

पहिले तीन दिवस मी काहीही शिकवलं नाही. तिची वही घेऊन बसले. रबरानं पानं इतकी घासलेली की काही ठिकाणी खालच्या पानावरचे आकडे वर दिसत होते. खाडाखोडीतून जे उरलं होतं ते असं. १/२ + १/४ = २/६. १/४ हा १/३ पेक्षा मोठा, कारण ४ हे ३ पेक्षा मोठे. आणि संख्यारेषेवर ३/४ कुठे, तर ३ आणि ४ यांच्या बरोब्बर मध्ये. तिथे तिनं नीट टोक काढलेल्या पेन्सिलीनं ठिपका दिला होता. बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती.

त्या ठिपक्याकडे मी बराच वेळ पाहत राहिले. तो आळसानं दिलेला ठिपका नव्हता. "थ्री बाय फोर" असं ज्याला वर्गात म्हणतात, ते तिच्या लेखी तीन आणि चार अशा दोन संख्या होत्या, मधे एक रेघ. मग दोन संख्यांची जागा त्या दोघींच्या मधेच असणार. वरच्याची वरच्यात बेरीज, खालच्याची खालच्यात. तिन्ही चुका एकाच मुळातून फुटलेल्या होत्या. अपूर्णांक ही एक संख्या असते, हेच तिला कोणी दाखवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी तिला एक जुना प्रश्न घातला. १९७८ साली अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरच्या चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, की १२/१३ + ७/८ चं उत्तर साधारण कशाच्या जवळ जाईल. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक, म्हणजे उत्तर २. ते फक्त २४ टक्के मुलांना आलं. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडलं. छोटी १९ आणि २१ यांच्यात घुटमळली, मग १९ म्हणाली. का, विचारलं तर म्हणाली, "वरचं महत्त्वाचं असतं ना."

आईला मी हा प्रश्न आणि ती टक्केवारी सांगितली. शिवाय हेही, की काही मुलांची संख्यांची जाणच मुळात अडखळते. त्याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याची नोंद आहे आणि त्याची तपासणी तज्ज्ञाकडूनच करून घ्यावी लागते. दोन महिन्यांत काही हललं नाही तर तज्ज्ञाकडे जायचं, असं आमचं ठरलं. तशी वेळ आली नाही. सुटे पैसे मोजणं, अंदाज करणं, दोन ढिगांत मोठा कुठला हे सांगणं, यात तिला काही अडचण नव्हती. ती अडत होती ती कागदावर, आणि त्यातही रेघ आली की.

चौथ्या दिवशी मी वही मिटली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "छोटी, अर्धा आणि पाव मिळून किती गं?"

"पाऊण," ती म्हणाली. क्षणाचाही विलंब नाही. डब्यांच्या घरातली मुलगी. पाव किलो, पाऊण वाटी हे रोज कानावर पडणारे शब्द.

"मग पाऊण लिहून दाखव."

तिला लिहिता येईना. तोंडातली पाऊण आणि वहीतलं थ्री बाय फोर या दोन वस्तूंची तिच्या मनात कधी गाठच पडली नव्हती. सकाळी आईला पाऊण वाटी साखर काढून देणारी मुलगी दुपारी शाळेत तीच पाऊण तीन आणि चारच्या मध्ये नेऊन ठेवत होती.

मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे एकेका शब्दात मावणारे आकडे आहेत. पाऊण म्हणताना तीनही आठवत नाहीत, चारही नाही. एक ठरावीक माप डोळ्यांपुढे येतं. इंग्रजी वाचनात ते माप दोन तुकड्यांत फुटतं. हे मी वर्षानुवर्षं दोन्ही भाषांत शिकवत आले, आणि फरक माझ्या ध्यानात आला तो या मुलीपुढे बसल्यावर. हुशार मुलं तो फरक आपला आपण ओलांडतात, शिक्षकाला पत्ताही लागत नाही.

मग मी तिच्या आजींना बोलावलं. आजींचं वय ७७, शिक्षण इंदूरच्याच मराठी शाळेत, १९५० च्या दशकात. तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी बाजारात उभं राहायचं तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतिनाची औटकीसुद्धा पाठ लागे. नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि हे सगळे पाढे माजघरात जाऊन बसले. आजींनी आधी पदर सावरला, "आता कुठलं आठवतंय," म्हणाल्या, आणि मांडीवर बोटं आपटत सुरू झाल्या. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, पाच पाव सव्वा.

"थांबा आजी, थांबा," मी म्हटलं. "छोटी, आजी काय म्हणाल्या? तीन पाव...?"

"पाऊण."

मी कागदावर पाव म्हणून १/४ लिहिला. मग विचारलं, असे तीन घेतले तर? ती बघत राहिली. मग तिनं पेन्सिल घेतली, ३ लिहिला, खाली रेघ ओढली, खाली ४ लिहिला आणि चारावर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे खालचं हे नाव आहे. पाव असं नाव. आणि वर किती पाव ते."

त्या दिवशी आणखी काही शिकवलं नाही. गरजच नव्हती. आजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मी चहा टाकला. इतक्या वर्षांत 'छेद म्हणजे एकूण समान भाग' हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, पण 'खालचं हे नाव आहे' असं मला सुचलं नव्हतं. ते तिला सुचलं. ते ऐकायला मिळणं ही माझी मिळकत.

इथून पुढे बेरीज सोपी झाली, निदान पावांपुरती. तीन पाव आणि दोन पाव मिळून पाच पाव. नाव एकच आहे, नावं कशाला मिळवायची? २/६ हे उत्तर पुन्हा आलं नाही. पण पावणेदोन म्हटलं की ती ते दोन आणि पाऊण समजून २ ३/४ लिहायची. घड्याळ घरी मोबाइलचंच, त्यामुळे पावणेतीन वाजले म्हणजे किती, हेही धड नव्हतं. तिथे पुन्हा शब्दच कामी आला. पाऊण म्हणजे पादोन, पावानं उणं. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. एकोणतीसमध्ये जसं एक उणं असतं तसंच. आजी म्हणाल्या, "अगं, पावणेदोन म्हणजे दोन भरायला पाव कमी." छोटीला हे फार आवडलं. आठवडाभर ती दिसेल त्याला 'किती उणं' विचारत होती.

(भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त अपूर्णांकांच्या जाती सांगितल्या आहेत. पूर्णांकात भाग मिळवला तर भागानुबंध, वजा केला तर भागापवाह, भागाचा भाग घेतला तर प्रभागजाति. आपलं सव्वादोन आणि पावणेदोन म्हणजे यातली पहिली दोन. शाळेत असताना मी ही नावं परीक्षेपुरती वाचली होती. आता ती मला माजघरात ऐकू येऊ लागली.)

सहामाहीत ८० पैकी २७ आले. आई खूश झाली. माझी चूक झाली ती यानंतर.

शाळेत लसावि काढून बेरीज सुरू झाली होती, पुढची चाचणी जवळ होती, आणि मी घाई केली. पाव-अर्ध्याला शब्द आहेत, पण १/३, २/५ यांना रोजच्या बोलण्यात शब्द नाही. तृतीयांश, पंचमांश हे पुस्तकी. तिथे मी पट्टी, घडी, काही न करता तिला रीत दिली. छेदांचा लसावि काढ, याला भाग, त्याला गूण, मिळव. ती आज्ञाधारक आहे. दिवाळीआधी दहापैकी आठ गणितं बरोबर आली आणि मी समाधान मानलं. दिवाळीची पंधरा दिवसांची सुट्टी झाली. परत आली तेव्हा १/२ + १/३ = २/५. कंपासपेटी पुन्हा मांडीवर.

तिला मी काही बोलले नाही, कारण चूक तिची नव्हती. पाठ केलेली रीत उडून गेली आणि तिच्याखाली आधार म्हणून काहीच नव्हतं. जे दुसऱ्यांनी तिच्याबाबत केलं म्हणून मी मनात हळहळले होते, तेच मी केलं होतं.

जुन्या कॅलेंडरची पानं काढली आणि २४ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापल्या. चोवीस अशासाठी की त्याचे दोन, तीन, चार, सहा, आठ असे सगळे भाग पुरे येतात. एका पट्टीला मधोमध घडी, दुसरीला तीन भागांची घडी. तीनच्या भागाला नाव काय ठेवायचं? शेजारच्या मुलांमुळे तिला हिंदीतलं तिहाई माहीत होतं, पण ती कथ्थक शिकते, तेव्हा तिच्या मनात तिहाई म्हणजे तीनदा. हे एक नवंच! मी म्हटलं, बरं, तिहाई करून दाखव. तिनं टाळी देत बोल म्हटले, तीनदा, आणि समेवर आली. "तीन सारखे तुकडे आणि मग सम," ती म्हणाली, आणि पट्टीकडे पाहून आपणच हसली. तेव्हापासून आमच्यात १/३ ला तिहाईच म्हणतात. बातम्यांतल्या 'दो-तिहाई बहुमत'चा अर्थही त्याच दिवशी लागला.

आता अर्धा आणि तिहाई शेजारी ठेवले. बारा सेंटिमीटर आणि आठ सेंटिमीटर. मोजून ती म्हणाली, "वीस. चोवीसातले वीस." उत्तर बरोबर होतं, फक्त पुस्तकातलं नव्हतं. मी विचारलं, एक सेंटिमीटरपेक्षा मोठा तुकडा शोधशील, जो दोन्हींत नेमका बसेल? तिनं दोनचा घेतला, बसला. तीनचा बारात बसला, आठात नाही. चारचा दोन्हींत बसला. पाच, सहा, आठ करून पाहिले, एकही दोन्हींत बसेना. चारचा तुकडा पूर्ण पट्टीत सहा वेळा जातो, म्हणून त्याचं नाव सहांश. अर्ध्यात असे तीन, तिहाईत दोन. पाच सहांश.

छेदांचा लहानात लहान सामाईक विभाज्य शोधणं म्हणजे दोघांत बसणारा मोठ्यात मोठा तुकडा शोधणं, हे मला सूत्र म्हणून पाठ होतं. हातात चार सेंटिमीटरचा कॅलेंडरचा कपटा धरून मी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. त्यावर कुठल्यातरी महिन्याची एकादशी छापलेली होती.

डिसेंबरात गुणाकार आला, आणि तो मी शिकवलाच नाही. आईनं तिला कोपऱ्यावरच्या नमकीनच्या दुकानात पाठवलं होतं. "भिया, आधा पाव लौंगवाली देना," अशी मागणी केली आणि काट्यावर ०.१२५ उमटलं. शेवेची पुडी हातात घेऊन ती घरी न जाता सरळ माझ्याकडे आली, शिकवणीचा वार नसताना.

"काकू, आधा पाव म्हणजे पावाचा अर्धा की अर्ध्याचा पाव?"

"तू सांग."

पट्ट्या आमच्या डब्यात होत्याच. एका पट्टीला आधी चार भागांची घडी घातली, मग एका भागाला मधोमध. दुसरीला आधी मधोमध, मग त्या अर्ध्याला चार. दोन्ही तुकडे तीन सेंटिमीटर. तिनं ते एकमेकांवर ठेवले, उजेडाकडे धरून कडा जुळतात का पाहिलं आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंनी तेच येतं." मग स्वतःच लिहिलं, १/२ × १/४ = १/८. हीच ती प्रभागजाति. गुणाकार केला की संख्या वाढायला हवी, या समजुतीत भली भली मुलं अडकतात. ती अडकली नाही, कारण पुडी हातात होती आणि ती पावापेक्षा लहान होती. खाली आई हाका मारत होती, शेवेसाठी डबे खोळंबले होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी तो अमेरिकेचा प्रश्न पुन्हा काढला. १२/१३ + ७/८. तिला तो आठवत नव्हता. पर्याय दिले नाहीत, साधारण किती एवढंच विचारलं. कागद-पेन्सिल तिनं घेतली नाही. खिडकीबाहेर बघत ती जे म्हणाली ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं, म्हणून जसंच्या तसं देते.

"दोन्ही एकाला जरा जरा कमी आहेत. म्हणजे दोनाला कमी. याच्यात आधा पाव उणं आहे. आणि याच्यात तेरावा भाग उणा, तो आधा पावापेक्षा बारीक. दोन आधा पाव असते तर पाव उणं झालं असतं, म्हणजे पावणेदोन. पण त्याच्यापेक्षा कमी उणं आहे. म्हणजे पावणेदोनच्या थोडं पुढे."

मी नंतर करून पाहिलं, सुमारे १.७९८ येतं. 'दोनच्या जवळ' म्हटलं असतं तरी मला पुरे होतं.

ज्यांनी आयुष्यभर फक्त वरच्या बाकावरची मुलं शिकवली त्यांना ही गोष्ट कशी सांगावी मला कळत नाही. तिथे तुम्ही दिलेलं उत्तर तुम्हाला परत मिळतं, नीटनेटकं, वेळेवर. इथे सहा महिने काही मिळत नाही आणि मग एके संध्याकाळी आजीची पावकी, कोपऱ्यावरची शेव आणि कॅलेंडरची पट्टी एकत्र होऊन एका बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून असं काही बाहेर येतं, जे तुम्ही शिकवलेलं नसतं. मला पगार मिळत होता तेव्हा हे क्वचित मिळालं. चाळीस मुलांच्या वर्गात ते ऐकायला सवडच नव्हती, याची खंत मला आहे.

वार्षिक परीक्षेत ८० पैकी ४४ आले. बीजगणित अजून कच्चं आहे, चिन्हं हुकतात. भूमिती पहिल्यापासून बरी होती, तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं इतकंच. आई आता 'डोकं नाही' म्हणत नाही. डब्यांचं प्रमाण वाढवायचं असलं की छोटीला विचारते. बारा जणांची आमटी अठरा जणांना करायची तर दिडीनं वाढव, हे छोटी कढईपाशी उभ्या उभ्या सांगते. आजींचा एक नवा उद्योग झाला आहे. दुपारी गल्लीतली दोन-तीन मुलं त्यांच्याकडे पावकी म्हणायला येतात. मी त्यांना एवढंच सांगितलं आहे, की नुसती म्हणून घेऊ नका, वाटीनं भरून दाखवा.

कंपासपेटी जानेवारीत कधीतरी मांडीवरून टेबलावर गेली. नेमकी कधी, ते माझ्याही लक्षात आलं नाही.

आता आठवी. परवा वहीत प्रश्न होता, −१/२ आणि −१/३ यांतला मोठा कोणता. तिनं −१/२ लिहिलं, मग खोडलं, पण घासून नाही, एका रेघेनं. "काकू, शून्याच्या डावीकडे आजींचे शब्द चालत नाहीत," म्हणाली. खरं आहे, तिकडे पाव-पाऊण पोचत नाहीत. मी पट्टी काढायला गेले तर म्हणाली, थांबा, मीच आणते. येत्या मंगळवारी ४८ सेंटिमीटरची पट्टी घेऊन येणार आहे. मधोमध शून्य, दोन्हीकडे चोवीस-चोवीस.